याकोबाच्या विहिरीवरचं इंग्रजी

रविवारी दुपारी अडीच ते चार एवढाच वेळ आमच्या संकुलात काम करणाऱ्या बायकांना स्वतःचा मिळतो. सकाळची भांडी उरकलेली असतात आणि संध्याकाळच्या पोळ्यांना अजून अवकाश असतो. त्या दीड तासात माझ्या जेवणाच्या टेबलाशी तिघी येऊन बसतात. दोघी झारखंडच्या, गुमला जिल्ह्यातल्या उराँव ख्रिस्ती. तिसरी भालकीकडची, बीदर जिल्ह्यातली, मराठी बोलणारी, गळ्यात तुळशीची माळ असलेली. मी नगरची. तिथल्या शाळेत तीस वर्षं शिकवलं आणि निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीमागे बंगळूरला आले.

सर्जापूर रोड ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कोरमंगलाला सेंट जॉन्स हॉस्पिटलपाशी तो सुरू होतो. इब्लूरचा चौक, कैकोंड्रहळ्ळीचं तळं, दोड्डकन्नेळ्ळीचं विप्रोचं मुख्यालय, दोम्मसंद्र असं करत तो सर्जापूर गावाला जातो. दोन्ही अंगांनी वीस-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. त्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांच्या चाळी आहेत आणि या इमारती झाडणारी-पुसणारी माणसं तिथे राहतात. झारखंड, ओडिशा, आसाम, बंगाल, रायचूर, कलबुर्गी अशा सगळीकडून ती आली आहेत. रस्त्यावर पाण्याचे टँकर सतत धावत असतात. २०२४ च्या मार्चमध्ये बोअरवेल आटल्या तेव्हा प्रशासनाला टँकरचे दर बांधून द्यावे लागले होते. पाच किलोमीटरच्या आत बारा हजार लिटरला हजार रुपये. पाण्याचा विषय पुढे येणार आहे, म्हणून हे आत्ताच सांगून ठेवते.

वर्ग सुरू करायचा असं मी ठरवलं नव्हतं. दोघींतली थोरली एका दुपारी काम संपल्यावर दारातच थांबली. पिशवीतून तिने जाड काळं पुस्तक काढलं. दोन भाषांतलं बायबल होतं, एका बाजूला हिंदी आणि समोर इंग्रजी. म्हणाली, "आंटीजी, इकडचं मला येतं. तिकडचं शिकवा."

इतकी वर्षं शिकवूनही असा नेमका पाठ्यक्रम मला कुणी सांगितला नव्हता. गोष्ट तिला तोंडपाठ होती, फक्त भाषा अनोळखी होती. नवी भाषा शिकताना माणूस दोनदा अडखळतो, एकदा शब्दावर आणि एकदा अर्थावर. हिच्या वाटेतला एक अडथळा आधीच दूर झालेला होता. ओळीत पुढे काय येणार हे तिला ठाऊक असायचं, त्यामुळे शब्दाचा अंदाज बांधता यायचा आणि अंदाज बरोबर आला की चेहरा उजळायचा. इंग्रजी तिला हवं होतं ते फाटकावरच्या ॲपसाठी, मालकिणीच्या मोबाइलवरच्या निरोपांसाठी आणि मुलाच्या शाळेतल्या पालकसभेसाठी. पुस्तक मात्र तिने स्वतः निवडलं होतं.

हे शेवटचं वाक्य माझ्या दृष्टीने महत्त्वाचं आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. २०२२ मध्ये कर्नाटकात धर्मांतरविरोधी कायदा झाला. त्यात प्रलोभनाची जी व्याख्या केली होती तिच्यात धार्मिक संस्थेच्या शाळेतलं मोफत शिक्षणही धरलेलं होतं. पुढच्या वर्षी जूनमध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो कायदा मागे घेण्याचं ठरवलं. कायदा असो-नसो, माझा नियम त्याहून जुना आहे आणि तो मी आईकडून घेतला आहे. इंग्रजीची गरज हा गळ होता कामा नये. म्हणून भालकीची बाई पहिल्यांदा आली तेव्हा तिला मी बायबल दिलं नाही. तिच्यासाठी दुधाची पिशवी, बसची पाटी, औषधाचं पाकीट आणि आमच्या लिफ्टवरची सूचना एवढं साहित्य काढलं. तिने आयुष्यात वाचलेले पहिले दोन इंग्रजी शब्द म्हणजे 'सर्व्हिस लिफ्ट'. चार वर्षं ती याच लिफ्टने वर-खाली करत होती. पाटी वाचून झाल्यावर ती गप्प बसली, आणि तिला काय म्हणावं ते मलाही सुचलं नाही.

बायबलवर इंग्रजी शिकवणं आपल्याकडे काही नवं नाही. तंजावरच्या मराठी राज्यातलं उदाहरण मला विशेष जवळचं वाटतं. सरफोजीराजे दुसरे लहान असताना त्यांच्या शिक्षणाची काळजी क्रिस्टियान फ्रीडरिख श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने वाहिली. वारसाहक्काच्या भांडणात मुलाच्या जिवाला धोका दिसला तेव्हा १७९३ मध्ये त्याला मद्रासला हलवण्यात आलं आणि शिक्षण तिथे चालू राहिलं. १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. त्यांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून गुरूचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं. ते आजही तंजावरच्या चर्चमध्ये आहे. राजे शेवटपर्यंत हिंदू राहिले. गुरू पाद्रीच राहिला. दोघांनाही ते नातं पुरेसं वाटलं.

बेळगावात वेगळं घडलं. बाबा पदमनजी १८३१ मध्ये तिथे जन्मले, लंडन मिशनच्या शाळेत शिकले, पुढे मुंबईला गेले आणि १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'यमुनापर्यटन' लिहिणारे ते हेच. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ख्रिस्ती न होता त्यांनी त्या शिक्षणातून स्वतःला हवं ते घेतलं. आमच्या नगरला १८३९ मध्ये सिंथिया फरार आल्या. त्यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव पुण्याला परतले आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फरारबाईंकडे घेतले, हे आम्हा नगरकरांना अभिमानाने सांगितलं जातं. बाक तोच आणि पुस्तक तेच असलं, तरी उठून प्रत्येक जण आपापल्या वाटेने गेला. शिकवणाऱ्याचं मन ओळीओळीला किती बदलत गेलं, याची नोंद मात्र कुठल्या अहवालात सापडत नाही. माझ्या टेबलाशी बसून मला त्याचीच जाणीव होते.

पहिला प्रश्न प्रतीचा होता. माझ्या आईची सतराव्या शतकातल्या इंग्रजीतली प्रत घरात आहे. ते इंग्रजी भारदस्त आहे, पण फाटकावरच्या पहारेकऱ्याशी ते बोलता येत नाही. केवळ हजारभर शब्दांत उतरवलेलं 'बेसिक इंग्लिश'चं बायबल १९४९ मध्ये पूर्ण झालं. ते शिकाऊंना सोपं जातं, पण त्यातली वाक्यं कुठे कुठे चमत्कारिक वाकतात. शेवटी थोरलीची द्विभाषी प्रत मधोमध ठेवायची आणि सोबतीला माझं १९७६ चं 'गुड न्यूज बायबल' घ्यायचं असं ठरलं. ते रोजच्या बोलण्यातल्या इंग्रजीत आहे. सुरुवात मार्कापासून केली, कारण ते सर्वांत आखूड शुभवर्तमान आहे, सोळाच अध्याय. मार्काला घाई फार. 'लगेच' या अर्थाचा ग्रीक शब्द त्याने चाळीसेक वेळा वापरला आहे. 'इमीजिएटली' हा लांबलचक शब्द माझ्या विद्यार्थिनींना आधीच येत होता. मालकिणींच्या निरोपांत तो रोज असतो.

मार्क संपल्यावर मत्तयातला एक दाखला घेतला, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा. घड्याळ शिकवायचं होतं आणि त्या गोष्टीत पहाट, दुपार, संध्याकाळ सगळे प्रहर आहेत. मळ्याचा धनी पहाटे मजूर ठरवतो, मग नऊला, बाराला, तीनला जातो आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना पुन्हा चौकात जाऊन उरलेल्यांना घेऊन येतो. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. हा दाखला मी प्रार्थनामंदिरात पन्नासेक वेळा तरी ऐकला असेन. प्रत्येक वेळी मला मनातून पहाटेच्या मजुरांचीच बाजू पटली होती. शाळेत वेळेवर येणाऱ्या शिक्षिकेला दुसरं काय वाटणार?

धाकटी पूर्वी नवऱ्याबरोबर याच रस्त्यावरच्या मजूर अड्ड्यावर उभी राहिलेली. ती म्हणाली, "आंटीजी, पाच वाजेपर्यंत जे उरतात ना, ते आळशी नसतात. त्यांना कुणी उचललेलं नसतं. म्हातारे. पोरवाल्या बाया. सकाळी टेम्पो आला की ठेकेदार तगडे बघून नेतो." मग थोडं थांबून म्हणाली, "तांदूळ तर सगळ्यांच्या घरी तेवढाच लागतो."

गोष्टीत जे नाणं येतं ती त्या काळी एका दिवसाची मजुरी होती, एका घराचं एका दिवसाचं अन्न. हे मी टिपांमध्ये वाचलं होतं. पण नाणं आणि तांदूळ यांची सांगड घालणं मला कधी जमलं नव्हतं. धन्याने दया दाखवली असं मी समजत आले होते. धाकटीने मला दाखवून दिलं की त्याने घरातली माणसं मोजली होती. त्या दिवशी आमचं घड्याळ शिकायचं राहून गेलं.

जाता जाता आणखी एक. आमच्या जवळच्या रेल्वे स्थानकाचं नाव कार्मेलाराम. कार्मेल हा बायबलमधला डोंगर. हिब्रूत त्या शब्दाचा अर्थ फळबागेशी, द्राक्षमळ्याशी जोडलेला आहे आणि संस्कृतात आराम म्हणजे बाग. म्हणजे बागेला जोडूनच बाग. त्या स्थानकावर उतरणारे मजूर पहाटे अड्ड्याकडे चालत जाताना आता मला दिसतात. पूर्वीही दिसत असतील, मी पाहिलं नव्हतं.

पावसाळा संपता संपता आम्ही योहानाच्या चौथ्या अध्यायाला लागलो. भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर दमून बसलेला येशू आणि पाणी भरायला आलेली शोमरोनी स्त्री. यहुदी पुरुष परक्या जातीच्या बाईकडे प्यायला पाणी मागतो, तिथून सगळं संभाषण सुरू होतं. हा अध्याय आम्हाला चार रविवार पुरला.

पहिला रविवार हाक मारण्यात गेला. ती स्त्री त्याला 'सर' म्हणते. मूळ ग्रीक शब्द साहेबालाही चालतो आणि प्रभूलाही. लहानपणच्या मराठी बायबलात मी तिथे 'महाराज' वाचलेलं. थोरली म्हणाली, "सर तर आम्ही सगळ्यांना म्हणतो, अठराव्या मजल्यावरच्या त्या पोरालाही." प्रभूला हाक मारण्याचा आणि तिच्या रोजच्या कामातला शब्द एकच आहे, हे तिला फार आवडलं. उलट येशू तिला जी हाक मारतो ती इंग्रजीत 'वूमन' अशी येते आणि कानाला खरखरीत लागते. ग्रीकमध्ये तो आदराचा शब्द आहे. हे इंग्रजीतून कसं समजावावं या विचारात मी होते, एवढ्यात भालकीची माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "बाई, मराठीत काय म्हणतो तो तिला?" मी म्हटलं, "बाईच म्हणतो."

तिच्या प्रश्नातच तिचं उत्तर होतं. मी तिची बाई, कारण मी शिकवते. ती इथल्या मराठी घरांत बाई, कारण ती भांडी घासते. लक्ष्मीबाई, सावित्रीबाई, अहिल्याबाई याही बायाच. आपल्या भाषेने एका शब्दात आदरही ठेवला आहे आणि चाकरीही. कुठला अर्थ घ्यायचा ते बोलणाऱ्याच्या गळ्यावर अवलंबून असतं. त्या दिवसापासून ती दुधाची पिशवी बाजूला सारून आमच्याबरोबर ऐकू लागली. वाच असं मी तिला म्हटलं नाही, आणि ऐकू नको असंही म्हटलं नाही.

दुसरा रविवार व्याकरणाचा. तुला पाच नवरे होऊन गेले आणि आता जो आहे तो तुझा नवरा नाही, असं येशू तिला सांगतो. थोरलीच्या प्रतीत तिथे 'हॅव हॅड' असं क्रियापद आहे. वर्गात समजावायला अवघड असा हा काळ. होऊन गेलेलं, पण आजपर्यंत पोचणारं. मी फळ्यावर रेघ ओढून दाखवली. थोरलीचं लक्ष रेघेकडे नव्हतं. तिने विचारलं, "पाच का? मेले की सोडून गेले?"

मी सांगितलं की ते लिहिलेलं नाही. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की तिने पाप केलं असंही तिथे कुठे लिहिलेलं नाही. लहानपणापासून व्यासपीठावरून ऐकलेलं की ती वाईट चालीची, म्हणूनच बायकांना टाळून भर दुपारी पाण्याला आली. पण त्या समाजात सोडचिठ्ठी देण्याचा अधिकार पुरुषाचा होता आणि निपुत्रिक विधवेने दिराच्या घरी जायचं असा नियम होता. पाच नवरे हा कदाचित तिच्या दुर्दैवाचा हिशेब असेल. थोरलीचा नवरा दुसऱ्या बाईबरोबर सुरतेला गेला आहे. ती म्हणाली, "बाई कुठे सोडते, आंटीजी. बाईला सोडतात." पन्नास वर्षं या ओळी वाचणारी मी, आणि एका क्रियापदाचा अर्थ समजावून सांगायची वेळ आली तेव्हा मला ती ओळ दिसली.

इथे पंडिता रमाबाईंची आठवण येणारच. १८५८ मध्ये कर्नाटकातल्याच सह्याद्रीत, गंगामूळच्या रानात त्या जन्मल्या. वडिलांनी शास्त्र शिकवलेली, भागवत मुखोद्गत असलेली ही मुलगी १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेजच्या जोगिणींच्या मठात राहायला गेली. तिथे त्या इंग्रजी शिकत होत्या, मराठी शिकवत होत्या आणि बायबल वाचत होत्या, हे सगळं एकाच वेळी. फुलहॅमला जोगिणींचा एक आश्रम होता. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तिथे सांभाळत. तो पाहून रमाबाईंनी विचारलं की हे तुम्ही का करता? उत्तरादाखल त्यांना योहानाचा हाच चौथा अध्याय वाचून दाखवण्यात आला. आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी ही घटना स्वतः नोंदवली आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र मान डोलावून ऐकणारी शिष्या त्या कधीच झाल्या नाहीत. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार वाचावा. आपल्या या गुरूशी इंग्रजीत त्या धर्मतत्त्वांवर वाद घालतात. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवू लागल्या. त्यांनी इंग्रज पुरुषांना शिकवावं अशी गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली आणि रमाबाई संतापल्या. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत सबंध बायबल आणलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळं झालेलं होतं. १९२४ मध्ये ते संपूर्ण छापून निघालं. छपाईचं काम मुक्तिसदनातल्या बायकांनी केलं.

फुलहॅममध्ये तो अध्याय पतित स्त्रियांच्या संदर्भात वाचला गेला. माझी खात्री आहे की थोरलीचा प्रश्न रमाबाईंच्या टेबलाशी कुणी विचारला असता तर त्यांनी मूळ ग्रीक पुन्हा उघडलं असतं.

तिसरा रविवार माझ्यावर आला. ती स्त्री विचारते की तू यहुदी असून माझ्याकडे पाणी कसं मागतोस, आणि योहान मध्येच खुलासा करतो की यहुदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नाहीत. मूळ क्रियापदाचा एक अर्थ 'एकत्र वापरणं' असा होतो. म्हणून 'गुड न्यूज'मध्ये तिथे सरळ कप आणि वाडगे आले आहेत. शोमरोन्यांची भांडी यहुदी वापरत नाहीत. धाकटीने ते शब्द मोठ्याने वाचले. 'कप्स'. मग तिने टेबलाकडे पाहिलं.

टेबलावर चहा होता. माझा चिनी मातीच्या कपात, त्या तिघींचा स्टीलच्या पेल्यांत. मी मुद्दाम तसं केलं नव्हतं. सून करते, शेजारी करतात, नगरलाही घरोघरी पाहिलेलं. कामवाल्या बाईचा पेला खिडकीपाशी वेगळा पालथा असतो. माझे पूर्वज महार. आजोबांच्या वडिलांना पाणवठ्यावर पाणी वरून ओतून मिळत असे. जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, हे मी दरवर्षी मुलांना शिकवलं. आणि माझ्या स्वयंपाकघरात तीन पेले वेगळे होते. धाकटी काही बोलली नाही. भालकीची खाली मान घालून बसली. मी उठले आणि कपाटातून आणखी तीन कप काढले. त्यांत चहा ओतताना हात थरथरत होता.

शिकवण्याआधी हा अध्याय मी झरझर वाचत असे. येशू आणि ती कशाबद्दल बोलतात, जीवनाचं पाणी म्हणजे काय, खरी उपासना कुठली, यांवर मी प्रवचनंही दिली आहेत. पण येशूकडे पोहरा नव्हता, त्याला तिच्याच घड्यातून प्यावं लागणार होतं, आणि तिला आश्चर्य वाटलं ते नेमकं त्याचंच, ही साधी गोष्ट मी कधी उच्चारली नव्हती. बोट ठेवून अक्षर-अक्षर वाचणाऱ्या बाईबरोबर वाचायला लागल्यापासून मला ती दिसते. चौथ्या रविवारी, ती स्त्री घडा तिथेच टाकून गावात धावत जाते त्या ओळीशी, भालकीची म्हणाली, "बाई, घडा ठेवून गेली म्हणजे त्याला प्यायला मिळालं असेल." चारही शुभवर्तमानांवरची भाष्यं माझ्याकडे आहेत. हे मी त्यांच्यात वाचल्याचं आठवत नाही.

थोरली आता मालकिणीच्या निरोपाला इंग्रजीत दोन ओळींचं उत्तर लिहिते. धाकटीला घड्याळ येतं, आणि तिने ठेकेदाराकडून महिन्याच्या पगाराची लेखी पावती मागून घेतली. भालकीची दिवाळीला गावी गेली आहे. परत आली की तिला ज्ञानेश्वरीतल्या ओव्या इंग्रजी लिपीत लिहून वाचायच्या आहेत. पुस्तक तिने निवडलं आहे, आता तयारी मला करायची आहे.

हा लेख ज्या घरांत वाचला जाईल त्यांतल्या पुष्कळ घरांत अशी एक बाई रोज येते. तिला आठवड्यातून एक तास द्या. पुस्तक तिला निवडू द्या, मग ते बायबल असो, पोथी असो की शिधापत्रिका. आणि चहा ओतण्याआधी कपाट उघडून कप मोजा.